थोड्या दिवसांची ठेव

कोणी भाकरी थापता थापता ऐकत असेल, कुठे गटाच्या बैठकीला सगळ्याजणी मिळून बसल्या असाल. आजचा विषय जड आहे, पण घरातलाच आहे.

समजा, तुमच्या बचत गटाची बैठक चालू आहे. एक बाई हप्त्याचे पैसे पुढे सरकवते आणि गप्प बसते. एरवी हीच सगळ्यांना हसवते. बैठक उठली, बायका पांगल्या, की ती मागे राहते आणि हळूच सांगते. नवरा आठ दिवस धड झोपला नाही. वाडीत नुकसान झालं, कर्ज अंगावर आलं, पिणं वाढलं. रात्री उठून बसतो. कधी म्हणतो, मी आता राहत नाही. कधी म्हणतो, तुलाही ठेवत नाही. आणि घरात त्याच्या नावावर परवान्याची ठासणीची बंदूक आहे, रानडुकरांपासून पीक राखायला घेतलेली.

तिला नवऱ्याला तुरुंगात घालायचं नाही. घरही मोडायचं नाही. तिचा प्रश्न एवढाच आहे : ती बंदूक थोडे दिवस घराबाहेर कशी जाईल?

ही बाई मी 'समजा' म्हणून सांगितली. पण तुमच्यातल्या काहीजणींच्या डोळ्यांसमोर आत्ता एखादं घर आलं असेल. बंदूक नसेल, कोयता असेल. कोयता नसेल, फवारणीच्या औषधाची बाटली असेल. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर बंदुका थोड्या, कोयते आणि बाटल्या घरोघरी. तरी मी सुरुवात बंदुकीपासून करते. कारण घरातलं हत्यार बाजूला कसं करायचं, ते कोणी मागायचं, परत कधी द्यायचं, हा विचार कायद्याने पहिल्यांदा बंदुकीच्या बाबतीत केला. त्याचा इतिहास कळला की आपल्या हातात काय आहे तेही कळतं.

बंदूक कोणाकडे होती

आपल्या भागात जुन्या माणसांच्या तोंडून १९४५ ची गोष्ट ऐकायला मिळते. त्या सालच्या २३ मे रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली माणसं जमली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेची ती परिषद. सावकार-जमीनदारांची वेठ यापुढे करायची नाही, असं तिथे ठरलं. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसं गेली. जेठ्या गांगड हे त्यांतलं नाव आजही घेतलं जातं.

त्या दिवसांत बंदूक होती सरकारकडे, नाहीतर सरकारच्या मर्जीतल्या माणसांकडे. इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला होता. परवान्याशिवाय हिंदी माणसाने बंदूक बाळगायची नाही, असा तो कायदा. गोऱ्या लोकांना त्यातून सूट होती, आणि काही बड्या पदवीवाल्यांना, जमीनदारांनाही. म्हणजे हत्यार काढून घेण्यामागे त्या माणसाची काळजी नव्हती. राज्याला भीती होती, म्हणून हत्यार काढून घेतलं जाई.

'हत्यार जमा करा' हे शब्द कानावर आले की आपल्या माणसांच्या कपाळाला आठी पडते, त्याचं मूळ इथे आहे. साहेबाचा हुकूम, पोलिसांची गाडी, पंचनामा, गावात नाचक्की. म्हणून बायका तोंड उघडत नाहीत. 'त्यांना धरून नेलं तर?' ही भीती मार खाण्याच्या भीतीपेक्षा मोठी ठरते.

अंगणापर्यंत आलेल्या बाया

त्याच १९४५ च्या डिसेंबरात, इथून जवळच, बोर्डीला दुसरी एक गोष्ट सुरू झाली. ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार. अंगणवाडी हा शब्द आज सगळ्या देशात चालतो, त्याच्या मागे हे काम आहे. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळा कुरणात भरवली. अनुताई १९९२ साली गेल्या, त्या इथेच कोसबाडला.

बंदुकीशी या दोघींचा काही संबंध नव्हता. तरी मी त्यांचं नाव घेते. परक्या घरात शिरायचं, तिथलं दुखणं ओळखायचं, आणि तरी घरच्यांना ही बाई आपली वाटली पाहिजे, हे काम या भागात त्यांनी करून दाखवलं. मूल का आलं नाही हे विचारायला गेलं की कळतं, आई तापाने पडली आहे. आई का पडली हे विचारलं की कळतं, रात्री काय झालं. आज अंगणवाडी सेविका, आशाताई, गटाची अध्यक्ष यांना घरातली जी गोष्ट सगळ्यांत आधी कळते, ती ठाण्याला महिन्याने कळते, किंवा कळतच नाही.

दुसरी एक आठवण उत्तरेकडची, शहाद्याची. तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता, आता नंदुरबारमध्ये आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमाराला तिथल्या भिल्ल बायका एकत्र आल्या आणि गावोगाव जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना भर गावात जाब विचारला. एकटीने मडकं फोडलं असतं तर तिचं डोकं फुटलं असतं. पन्नासजणी गेल्या म्हणून मडकं फुटलं. ज्या वस्तूमुळे घराचं वाटोळं होतं ती घरापासून दूर करायची, आणि हे काम एकटीवर टाकायचं नाही, हा धडा त्या बायकांनी आपल्या आधी शिकून ठेवला आहे.

कायद्याने उघडलेली दारं

आता कायद्याकडे येऊ. स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्र कायदा केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यात गोऱ्या-काळ्याचा भेद गेला. बंदुकीच्या परवान्याचा अधिकार साधारणपणे जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आला. आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, तेव्हापासून त्यासाठी आपल्याला ठाण्याला जावं लागत नाही.

या कायद्यातलं १७ वं कलम आपल्या कामाचं आहे. परवानाधारक मनाने अस्वस्थ असेल, बंदूक बाळगण्याच्या स्थितीत नसेल, किंवा लोकांच्या सुरक्षिततेला धोका असेल, तर परवाना देणारा अधिकारी लेखी हुकूम काढून तो परवाना काही मुदतीसाठी थांबवू शकतो. कायमचा रद्दच केला पाहिजे असं नाही. २१ व्या कलमात हत्यार कुठे ठेवायचं ते सांगितलं आहे : पोलीस ठाण्यात, नाहीतर परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे. पुन्हा बाळगण्याचा हक्क आला की ते परत मिळतं. २०१६ साली नवे नियम आले. त्यांत परवान्याच्या अर्जासोबत शरीराच्या आणि मनाच्या आरोग्याचा डॉक्टरी दाखला आला, आणि कोणाला आपणहून बंदूक सुरक्षित ठेवायला द्यायची असेल तर तीही सोय आहे.

ही 'थोडे दिवस जमा' पद्धत आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतात. कोणाच्या जमा करून घ्यायच्या ते जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. निकाल लागला, आचारसंहिता उठली, की बंदूक परत. तेव्हा त्या माणसाला कोणी गुन्हेगार म्हणत नाही. दिवस नाजूक आहेत, डोकी तापलेली आहेत, म्हणून ठेवून घेतली, एवढंच. मग एखाद्या घरातले दिवस नाजूक असले तर तिथे हेच केल्याने नाचक्की का व्हावी? दिवाळीला दागिना मोडायला लागू नये म्हणून आपण गटात पैसे ठेवतो. त्याला ठेव म्हणतो, जप्ती म्हणत नाही. बंदुकीचंही तसंच.

पण कायद्यात दार असलं तरी ते ठोठावणारं माणूस लागतं. १९८३ साली नवऱ्याच्या आणि सासरच्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम आलं. बायका तक्रार घेऊन ठाण्यात जाऊ लागल्या, आणि तिथे त्यांना नीट विचारणारं कोणी नाही हे लक्षात आलं. १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. शिकलेल्या समाजकार्यकर्त्या थेट पोलिसांच्या इमारतीत बसू लागल्या. खाकी कपड्यांच्या शेजारी साध्या साडीतली बाई. तिचं काम ऐकून घेणं, घरी जाऊन येणं, नवऱ्याला बोलावून घेणं, आणि धोका किती आहे याचा अंदाज बांधणं. पुढे महाराष्ट्र शासनाने हे कक्ष राज्यातल्या जिल्ह्यांत नेले.

त्यानंतर २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. या कायद्याने संरक्षण अधिकारी नावाचं पद आणलं. आपल्या राज्यात महिला व बालविकास खात्यामार्फत हे अधिकारी नेमले जातात. बाईची हकीगत लिहून घेणं, तिच्या सुरक्षिततेची योजना तयार करणं, दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज नेणं, ही त्यांची कामं सगळ्यांना साधारण माहीत असतात.

त्या कायद्याच्या नियमांतली एक ओळ मात्र फार थोड्याजणींना माहीत आहे. दहाव्या नियमात लिहिलं आहे की, दंडाधिकाऱ्यांनी लेखी सांगितलं तर संरक्षण अधिकाऱ्याने, गरज पडल्यास पोलिसांची मदत घेऊन, घरातल्या हिंसेत आलेलं हत्यार ताब्यात घ्यायचं.

ही ओळ नीट ऐका. त्यात बंदूक म्हटलेलं नाही, हत्यार म्हटलं आहे. कोयता आला, कुऱ्हाड आली, बंदूकही आली. आणि हे काम घरात जाऊन बाईचं ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे दिलं आहे, पोलीस मदतीला. १८७८ ला हत्यार काढून घ्यायला साहेब येत होता, राज्य वाचवण्यासाठी. २००६ ला ते काढून घेण्याचं काम एका समाजकार्यकर्तीच्या हाती आलं, एका बाईचा जीव वाचवण्यासाठी. मधली सव्वाशे वर्षं, आणि त्यात तलवाडा, कोसबाड, शहादा आणि मुंबईचा तो कक्ष.

दुसऱ्या देशांत काय झालं

हा प्रश्न काही आपल्यालाच पडला असं नाही. अमेरिकेत घरोघरी बंदुका आहेत. तिथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त मृत्यू माणसाने स्वतःचा जीव घेतल्याचे असतात. तिथल्या कनेक्टिकट राज्याने १९९९ साली कायदा केला : माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका करील अशी खात्री पटली, तर न्यायाधीशांच्या हुकमाने त्याची बंदूक काही काळ ताब्यात घ्यायची. गुन्हा घडायची वाट पाहायची नाही. नंतर इतर राज्यांनीही असे कायदे केले. मेरीलँड राज्यात २०१८ पासून घरच्या माणसांबरोबर डॉक्टर, मानसतज्ज्ञ आणि परवानाधारक समाजकार्यकर्ते यांनाही न्यायालयाकडे असा अर्ज करता येतो. कनेक्टिकटच्या कायद्याचा अभ्यास झाला, तेव्हा अभ्यासकांनी अंदाज काढला की अशा साधारण १० ते २० जप्तींमागे एक जीव वाचला असावा.

इस्राएलच्या सैन्यात तरुण पोरं सुट्टीला घरी जाताना बंदूक बरोबर नेत. २००६ साली सैन्याने ठरवलं, सुट्टीत बंदूक छावणीतच ठेवायची. बाकी काही बदललं नाही. तरी त्या पोरांमधल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या.

असं का होतं? मरण्याची उबळ बऱ्याचदा तासाभराची असते, कधी एका रात्रीची. दुःख जुनं असतं, पण हात उचलला जातो तो क्षण लहान असतो. त्या क्षणी हाताशी काही नसलं तर माणूस सहसा दुसरीकडे शोधत फिरत नाही. तो क्षण निघून जातो. आणि एकदा वाचलेल्या माणसांपैकी बहुतेकजण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. म्हणून 'ज्याला मरायचंच आहे त्याला कोण अडवणार?' हे आपल्याकडचं बोलणं खरं नाही.

आपल्याकडे अमेरिकेसारखा वेगळा कायदा नाही हेही सांगते. इथे समाजकार्यकर्ती स्वतःच्या अधिकारात कोणाची बंदूक घेऊ शकत नाही. तिला दंडाधिकारी, जिल्हाधिकारी किंवा पोलीस यांच्यामार्फतच जावं लागतं, आणि ते अर्जावर काय ठरवतील ते त्यांच्या हाती. पण अर्जच गेला नाही तर ठरवायलाही काही उरत नाही.

बाटलीचा प्रश्न

आता आपल्या घराघरातल्या वस्तूकडे वळू. चिकूच्या वाड्यांत, मिरचीच्या शेतात फवारणी होते. उरलेलं औषध घरी येतं, कुडाला खोचून ठेवलं जातं, किंवा माळ्यावर. भांडण होतं, अपमान होतो, आणि हात तिकडे जातो. शेजारच्या श्रीलंकेत हेच होत होतं. १९९५ च्या सुमाराला तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जगातल्या सगळ्यांत जास्त प्रमाणांपैकी होतं. सरकारने सगळ्यांत जहाल औषधांवर एकामागून एक बंदी आणली. पुढच्या दहा वर्षांत आत्महत्या निम्म्यावर आल्या. शेतीचं उत्पादन काही बुडालं नाही.

तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात डॉ. लक्ष्मी विजयकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांत वेगळा प्रयोग केला. गावात एक सामाईक खोली, तिच्यात कुलपाच्या पेट्या. प्रत्येक शेतकऱ्याने आपलं औषध आपल्या पेटीत ठेवायचं, लागेल तेव्हा तिथून न्यायचं. घर आणि बाटली यांच्यामध्ये थोडं अंतर आलं. त्या गावांतल्या लोकांनी ही सोय आपलीशी केली.

गटाच्या बायांनो, कुलपाची पेटी आणि तिच्या किल्ल्या सांभाळणं हे काम आपल्याला शिकवावं लागत नाही. आपण वर्षानुवर्षं पैशांच्या पेटीला तीन कुलपं लावून तीन घरी किल्ल्या ठेवल्या आहेत.

मग त्या बाईला काय सांगायचं

बैठकीनंतर मागे राहिलेल्या त्या बाईकडे परत येऊ. ती समोर बसली आहे. काय सांगाल?

पहिलं, तिला एकटीने बंदुकीला हात लावू देऊ नका. ती उचलून माहेरी किंवा शेजारी लपवायची तर मुळीच नाही. ज्याच्या नावावर परवाना नाही त्याने बंदूक जवळ ठेवणं हाच गुन्हा होतो, आणि भरलेली बंदूक हाताळताना जीवही जाऊ शकतो. शिवाय हत्यार नाहीसं झालेलं नवऱ्याला कळलं, तर त्याचा राग तिच्यावरच निघेल. कोयत्याचंही तसंच. भांडण चालू असताना तो हिसकावायला जाऊ नये. मुलांना घेऊन बाहेर पडावं आणि ११२ ला फोन करावा.

दुसरं, नवरा हिंसक नसेल, नुसता खचला असेल, तर त्याचं ज्याच्याजवळ ऐकणं आहे असा माणूस शोधा. मोठा भाऊ, मामा, शाळेतले गुरुजी, ग्रामपंचायतीतलं कोणी. त्याने शांत वेळी, पिलेला नसताना, त्याला सांगावं : 'तुझ्यावर अविश्वास नाही. तुझे दिवस वाईट चालले आहेत. बंदूक महिनाभर ठाण्यात ठेव, मी बरोबर येतो, परत आणायलाही मीच येईन.' आपणहून ठेवली तर पावती मिळते, ती जपून ठेवायची. याबरोबर दवाखानाही हवाच. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. हा नंबर त्याच्यासाठी आहे, आणि तिच्यासाठीही.

त्याने मानलं नाही आणि धोका तर वाढतोच आहे, तर परवाना तात्पुरता थांबवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा. अर्जात आळ घ्यायचे नाहीत. काय पाहिलं, काय ऐकलं, कोणत्या दिवशी, एवढं साधं लिहावं.

तिसरं, नवरा धमक्या देत असेल, मारत असेल, तर वाट पाहू नका. धमकी हीसुद्धा कायद्याने हिंसाच आहे. संरक्षण अधिकाऱ्याला गाठा, १८१ ला फोन करा, किंवा जिल्ह्याच्या सखी केंद्रात जा. अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत लावावी असं कायदा सांगतो, आणि घाईची गरज असेल तर दंडाधिकारी नवऱ्याचं ऐकण्याआधीही तात्पुरता हुकूम देऊ शकतात. जबाब लिहून घेताना हत्याराचं नाव आवर्जून सांगा. 'घरात बंदूक आहे, परवाना नवऱ्याच्या नावावर आहे, मंगळवारी रात्री तिच्याकडे बोट दाखवून धमकी दिली.' हे लिहिलं गेलं तरच दहाव्या नियमातली ती ओळ कामाला येते. लिहिलं गेलं नाही तर ती कागदावरच राहते.

चौथं, शेजारणींसाठी. या कायद्याखाली घरात हिंसा होते आहे किंवा होणार आहे ही माहिती कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतं. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर जबाबदारी येत नाही. 'दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडायचं?' याचं उत्तर कायद्यानेच देऊन ठेवलं आहे.

पाचवं, जीव द्यायला निघालेल्या माणसावर पोलीस केस होईल या भीतीने त्याला दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली आहे असंच धरायचं ठरवलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो जुना गुन्हा राहिलेला नाही. औषध पोटात गेलं असेल तर घरी उलटी काढायचे उपाय करत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा, आणि बाटली किंवा तिच्यावरची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या.

आणि शेवटचं, परत देण्याबद्दल. हत्यार ठेवायला सांगताना ते परत कधी मिळेल हेही सांगायला हवं. माणूस बरा झाला, झोप लागायला लागली, डॉक्टर म्हणाले ठीक आहे, मग रीतसर परत. शेतात डुकरं येतात, पीक राखायचं असतं, ही त्याची गरज खोटी नाही. मधल्या दिवसांत रात्रीच्या राखणीला भावकीतलं कोणी गेलं, तर ठेवीचा शब्द देणं त्याला सोपं जाईल. शब्द पाळला गेला की गावात दुसऱ्याला सांगणंही सोपं होतं. नाहीतर पुन्हा ती साहेबाची जप्तीच होईल.

पुढच्या बैठकीत एवढं करा. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर हे नंबर मोठ्या अक्षरांत लिहा : ११२, १८१, १०८, १४४१६. त्याखाली आपल्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर पंचायत समितीत विचारून लिहा. कोणाकोणाच्या घरी फवारणीचं औषध आहे ते मोजा आणि एक कुलपाची पेटी घेता येते का ते ठरवा. आणि बैठक संपल्यावर लगेच उठू नका, थोडा वेळ बसून राहा. कोणी मागे राहतं आहे का, ते पाहा.